अठरा पासिंगची गाडी

त्या उन्हाळ्यात जळगावात दोनच गोष्टींवर बोलणं चालायचं, ऊन आणि कॅमेरे. उन्हाचं कोणाला काही करता येत नव्हतं, म्हणून सगळे कॅमेऱ्यांवर तुटून पडले होते. चौकाचौकात खांब उभे राहिले, खांबांवर कॅमेरे बसले, आणि सिग्नल तोडला किंवा पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं की मोबाईलवर फोटोसकट दंड येऊ लागला. कोणी म्हणे बरं झालं, पोरं फार माजली होती. कोणी म्हणे आधी खड्डे बुजवा, मग आमचे फोटो काढा. गल्लीतले बन्सीलालनाना तर पेटलेच होते. नाना एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मोटरसायकल त्यांची, पण फिरवायची अख्खी गल्ली. पट्ट्यावर चढायचा भलताच आणि दंड यायचा नानांच्या मोबाईलवर. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही, हे एकच वाक्य ते ज्याला त्याला धरून ऐकवायचे. लोक हसायचे. त्याच गल्लीत भाड्यानं राहणारी दिपमाला मात्र हसायची नाही.

कारण ती चालवायची ती स्कूटी तिची नव्हती. ती तिच्या नवऱ्याच्या, नवलच्या नावावर होती, आणि नवल धुळ्यात होता.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी, नवल आंघोळीला गेला तेवढ्यात, तिनं पाच वर्षांच्या लेकीला, पुनमला, स्कूटीवर पुढं उभं केलं आणि नेसत्या कपड्यांनिशी धुळं सोडलं. त्याआधी एकदा ती पाचोऱ्याला बहिणीकडे पळाली होती. दुसऱ्याच दिवशी नवल तिथं हजर, हसतमुख, हातात पेढ्यांचा पुडा. बहिणीच्या घरच्यांना तो देवमाणूस वाटला. घरी आणल्यावर त्यानं दाराला आतून कडी लावली, आणि पुढचं दिपमालानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून या खेपेला तिनं नात्यातलं एकही गाव धरलं नाही. जळगावात तिला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं, म्हणून जळगाव. नानांच्या गल्लीतल्या कुंदाबाईंनी खोली दिली. नवरा सुरतेला गिरणीत कामाला असतो, असं तिनं त्यांना सांगितलं. आईनं शिकवलेली एक कला हातात होती: बाळाला तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. सकाळपासून चार घरं करायची, पोट भरायचं.

आता या नवलची एक सवय सांगायला हवी. रोज संध्याकाळी घरी आला की तो आधी स्कूटीजवळ वाकायचा आणि तिचे किलोमीटर वाचायचा. बाजार, शाळा, घर, एवढ्याला किती लागतात ते त्याला पाठ होतं. जास्त भरले की कुठं गेली होती ते दिपमालानं सांगायचं. एकदा धुळ्यातल्याच एका चौकात तिचं चाक पट्ट्यावर गेलं आणि नवलच्या मोबाईलवर फोटो आला. वर वेळ, खाली चौकाचं नाव. ह्या वेळेला ह्या चौकात काय काम होतं, त्यानं विचारलं. पुनमला ताप होता, औषध आणायला गेले होते, ती म्हणाली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिचा डावा हात मनगटातून मुरगळला. ते मनगट अजून दुखायचं, बाळाला उचलताना तर हमखास.

तेव्हा जळगावात खांब उभे राहिले तशी ती आतून हादरली. एक चूक, आणि नवलच्या मोबाईलवर तिचा ठावठिकाणा. स्कूटी विकावी तर कागद नवलचे. नंबरावर चिखल फासावा, तसं पुष्कळ जण करत होते, तर पोलीस अडवून कागद मागणार. स्कूटी सोडून द्यावी तर एवढी घरं उन्हात पायी कशी करायची? मग तिनं एकच केलं. ती इतकी नियमानं गाडी चालवू लागली की बघणाऱ्याला कीव यावी. सिग्नल हिरवा असला तरी जवळ येता येता हिचा वेग कमी. पट्ट्याच्या हातभर अलीकडे गाडी उभी. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, शिव्या द्यायचे. ही आपली हँडल घट्ट धरून दिव्याकडे बघत. धुळ्याच्या गाड्यांचा नंबर अठरा, जळगावच्यांचा एकोणीस, त्यामुळे गल्लीत तिला सगळे अठरावालीच म्हणायचे. कुंदाबाई तर चिडवायच्या, की बाई, तुझी स्कूटी आहे का वरातीतला घोडा?

ती हसल्यासारखं करायची. रात्री मात्र गल्लीत कुठलीही मोटरसायकल थांबली की उठून बसायची.

वैशाखात कॅमेऱ्यांवरून जाहीर सभा ठरली. लोकांनी आपलं म्हणणं मांडावं, कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीनं उत्तर द्यावं. मंगल कार्यालय घेतलं होतं, चारची वेळ, बाहेर ऊन भाजून काढत होतं. नाना बोलणार म्हणून अख्खी गल्ली निघाली आणि कुंदाबाईंनी दिपमालालाही ओढून नेलं. स्कूटी बाहेर नानांच्या मोटरसायकलशेजारी लावली. दिपमाला पुनमला मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. बाकीच्या बायांनी तोंडाचे स्कार्फ सोडले, हिनं सोडला नाही.

सभा चांगलीच तापली. रिक्षावाले बोलले, व्यापारी बोलले. एक म्हातारी बोलली, जिचा नातू सिग्नल तोडणाऱ्या गाडीखाली गेला होता. तिचं ऐकताना विरोधकांच्याही माना खाली गेल्या. नानांनी आपलं ठेवणीतलं वाक्य टाकलं आणि लोक नेहमीप्रमाणे हसले. मग कंपनीचा इंजिनिअर उठला, किरण नावाचा, गोड चेहऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, कॅमेरा फक्त दंड करतो असं तुम्हाला वाटतं ना? कॅमेरा शाबासकीही देतो. शहरात एक गाडी आहे, रोज किती चौकांतून जाते, पण तिचं चाक एकदाही पट्ट्याला लागलेलं नाही. आणि गंमत म्हणजे ती जळगावचीही नाही, अठरा पासिंगची आहे.

कुंदाबाईंचा चेहरा उजळला. आपलीच की ही! त्यांनी हात वर करायला घेतला, आणि दिपमालानं तो हात मध्येच धरला. असा धरला की कुंदाबाई कळवळल्या.

किरण सांगत होता, की नंबरावरून आम्ही गाडीचे मालक शोधले, त्यांना फोन केला, आणि ते सत्कारासाठी मुद्दाम धुळ्याहून आले आहेत. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून नवल उठला.

दिपमालानं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला. इतके दिवस ती एकेका पट्ट्याअलीकडे थांबली होती ते त्याला फोन जाऊ नये म्हणून, आणि फोन गेला तो त्या थांबण्याचाच. नवलनं नारळ आणि शाल घेतली, सगळ्यांना हात जोडले आणि माईक हातात घेतला. तेच हसू होतं, पाचोऱ्याच्या दारातलं.

“गाडी माझी आहे, पण चालवते माझी बायको. शिस्तीचीच आहे ती. जरा रुसून आलीय. एवढे दिवस मी चारचौघांत सांगत होतो, माहेरी गेलीय म्हणून. आज न्यायला आलोय. दिपा, इथं असशील तर ये पुढं.”

सभागृह हसलं. बाया कौतुकानं माना वळवून शोधू लागल्या, कोण गं ती भाग्याची? कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. दिपमालाला वाटलं, आता हे सगळे मिळून आपल्याला उचलून त्याच्या हातात देतील, आणि हसत हसत देतील.

कुंदाबाईंनी आधी आपलं लाल झालेलं मनगट बघितलं, मग तिचे डोळे. सुरत, गिरणी, रुसवा, सगळं त्यांच्या ध्यानात आलं. त्या अगदी हळू, अहिराणीत बोलल्या.

“तुना नवरा शे ना तो? ऊठ. पोरले ली जाय. मी देखस.”

पोरीला घेऊन नीघ, इथलं मी बघते, एवढं सांगून त्या उभ्या राहिल्या. आयुष्यात गल्लीबाहेर तोंड न उघडलेली ही बाई भरल्या सभेत खणखणीत आवाजात म्हणाली, की ती अठरावाली आमच्याच गल्लीत राहायची, पण मागच्या आठवड्यात खोली सोडून गेली, सुरतेला. नानांना ठाऊक होतं, स्कूटी बाहेर त्यांच्याच मोटरसायकलला टेकून उभी आहे. कुंदाबाईंशी त्यांचं कधी एका गोष्टीवर जमलं नव्हतं. त्यांनी एकदा मागं बघितलं आणि जागेवरूनच सांगितलं, हो, सुरतेलाच गेली, मीच स्टेशनवर सोडलं. नवल हसतच राहिला. मग शाल खांद्यावर टाकून तो सरळ दाराबाहेर पडला.

सभा विस्कटली, लोक उठले. बाहेर ऊन होतंच, त्यामुळे बाया पुन्हा स्कार्फ गुंडाळू लागल्या आणि बघता बघता सगळ्या एकसारख्या दिसू लागल्या. त्या घोळक्यात दिपमाला पुनमचा हात धरून बाहेर पडली. रस्त्याकडे जायला एकच फाटक होतं, आणि ते गाड्यांच्या रांगेला लागून.

नवलला स्कूटी सापडली होती. तो तिच्याजवळ उभा होता, फाटकाकडे तोंड करून, बाहेर पडणारी एकेक बाई न्याहाळत. माघारी फिरावं तर गर्दी ढकलत होती. पुढं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दिपमालानं मान खाली घातली आणि चालत राहिली.

आणि नवल वाकला. सवयच ती. गुडघ्यावर हात ठेवून तो किलोमीटर वाचू लागला, ओठ हलवत, धुळ्यात वाचायचा तसे.

तेवढ्यात त्या दोघी त्याच्या पाठीमागून निघाल्या, शालीचं टोक हाताला लागेल इतक्या जवळून. पुनमनं स्कूटी बघितली. तिनं त्याची पाठ बघितली. आता पोर बोलणार, म्हणून दिपमालानं तिच्या तोंडावर हात ठेवायला खाली बघितलं, तर पुनमनं आपलाच हात आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरलेला होता.