डागाळलेला ‘नका’

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा तुकडा आहे. बालवर्गाच्या बाईंनी मला बुटांच्या खोक्यातून कापलं आणि माझ्यावर काळ्या शाईनं लिहिलं, ‘नका’. ‘हे’, ‘आहे’, ‘आत’, ‘जाऊ’ ही माझी भावंडं. वाचताना पावलोपावली भेटणारे शब्द आम्ही. मुलांनी आम्हाला पाहताक्षणी ओळखलं, तर दर ओळीला ठेच लागत नाही, असं बाई म्हणायच्या.

पहिल्याच आठवड्यात बाईंचा चहा माझ्या कोपऱ्यावर सांडला. तपकिरी डाग पडला, तो कायमचा.

वर्गात एक मुलगी होती. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बाईंनी मला उचलायचा अवकाश, भिंगरी ओरडायची, “नका!” बाकीची मुलं तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

“शाब्बास! कशी घडाघडा वाचते बघा!” बाई म्हणायच्या आणि टाळ्या वाजायच्या.

खरं काय ते मला ठाऊक होतं. तिची नजर माझ्या अक्षरांवर थांबतच नसे. ती डाग बघायची आणि मोकळी व्हायची. मी मुका, मी काय सांगणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगू? टाळ्या मला आवडत होत्या. सगळ्या भावंडांत मीच आधी ओळखला जातो, याची मला घमेंड चढली होती.

पुढे आमच्या वर्गासमोरच्या खोलीत नवा कोबा घालायचं काम निघालं. भिंगरीचे बाबा गवंडी, काम त्यांनाच मिळालं. सकाळपासून उकिडवे बसून त्यांनी ओलं सिमेंट थापीनं घोटून गुळगुळीत केलं आणि ते हात धुवायला गेले. बाईंनी दारावर कागद लावला, ‘आत जाऊ नका’.

मधल्या सुट्टीत भिंगरी दोन मैत्रिणींबरोबर त्या दाराशी आली. मी टेबलावरून पाहत होतो.

“काय लिहिलंय गं?” एकीनं विचारलं.

“आत... जाऊ...” भिंगरी अडली. कागद पांढराशुभ्र होता, त्यावर डाग नव्हता. मैत्रिणी वाट बघत होत्या. तिनं शेवटचा शब्द गिळला. “आत जाऊ! चला!”

तिघींची पावलं पार पलीकडच्या भिंतीपर्यंत उमटली.

बाबा परतले आणि दारातच थबकले. “अगं, लिहिलं होतं ना? तुला तर वाचता येतं!”

ते ओरडले नाहीत. गुडघे टेकून पुन्हा कामाला लागले. भिंगरी माखलेले पाय एकमेकांवर घासत उभी राहिली. मला वाटलं, कुणीतरी मला फाडून टाकावं.

त्यानंतर भिंगरी वर्गात तोंडच उघडेना. एके दिवशी मला दाखवताना बाईंचा अंगठा नेमका डागावर आला. ती गप्प. अंगठा सरकला. “नका,” ती पुटपुटली. बाईंनी अंगठा परत ठेवला. ती पुन्हा गप्प.

बाईंचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी त्यांनी बाबांना थांबवलं. “दादा, तिला काही बोलू नका. तुमचा कोबा मी बिघडवला. मी शब्द शिकवलाच नाही, डाग शिकवला.”

बाबा पायाकडे बघत म्हणाले, “मी तिला काय बोलणार, बाई? मी अजून दुकानं रंगावरून ओळखतो.”

“मग उद्यापासून तुम्हीही या.”

दुसऱ्या दिवसापासून बापलेक वर्तमानपत्रात, पाट्यांवर, डब्यांवर ‘नका’ शोधू लागले. बारीक, जाड, लाल, निळा. मी ड्रॉवरमध्ये गेलो, तेच बरं झालं.

मित्रांनो, शब्द एका जागी ओळखला म्हणजे आला, असं मानू नका. अडलात, तर अडलो म्हणा. आणि लहानग्याला शिकवत असाल, तर तो नेमकं काय बघतोय, तेही बघा. मी बघितलं होतं, तरी सुखावत राहिलो. ती लाज अजून जात नाही.

परवा बाबा धापा टाकत वर्गात आले. “बाई, आज बसमध्ये मी एकट्यानं वाचलं! ‘दारात उभे राहू नका’!”

“मग?” भिंगरीनं विचारलं.

“मग काय! मी दारातच उभा होतो.”