पोटॅशियमचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुनी आवर्त सारणी आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगतात ती नव्हे; मी इंटरनेटवरची. मूलद्रव्याच्या चौकोनावर बोट ठेवले की मी बोलत असे. बोलते आजही, पण तो आवाज माझा नव्हे.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घडवले. त्यांचे यजमान शिंपी. सगळी शाळा त्यांना काका म्हणे. शाळा सुटली की बाई काकांच्या दुकानात येत आणि टांगलेल्या अर्धवट कोटांच्या मध्ये स्टूल ओढून माझ्यासाठी रेकॉर्डिंग करायला बसत. कापडांत आवाज घुमत नाही ना, म्हणून. "आता मशीन बंद!" असा हुकूम सुटला की काका मुकाट पाय आवरून घेत. मग बाई एकेका मूलद्रव्याची गोष्ट सांगत, त्यावर प्रश्न विचारत आणि चुकणाऱ्यासाठीही एक वाक्य म्हणून ठेवत, "घाई काय आहे? पुन्हा बघ."

माझी पहिली परीक्षा काकांनीच दिली. पोटॅशियमची खूण कोणती, या प्रश्नाला त्यांनी मोठ्या ऐटीत पी दाबला. बाईंना हसू आवरेना.

"अहो, पी नाही, के! घाई काय आहे? नीट बघा की!"

गडबडीत काकांच्या हातून कात्री पडली. रेकॉर्डिंग चालूच होते. बाईंनी ते हसणे, ते 'अहो' आणि कात्रीचा खणखणाट, सगळे त्या चौकोनात तसेच राहू दिले. पुढे मुले ते ऐकायला मुद्दाम पी दाबत. पण पेपरात पोटॅशियम कुणाचे चुकले नाही!

किती कौतुक झाले माझे! दूरदूरच्या शाळांतून मुले येत. पुढे नव्या सारण्या निघाल्या, गरगर फिरणाऱ्या अणूंच्या, रंगीबेरंगी. नव्याची नवलाई कुणाला नसते? माझ्याकडची वर्दळ आटली. त्यातच बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मला फार वाईट वाटले, पण मला रडता कुठे येते?

तेव्हापासून काका रोज सकाळी दुकान उघडत, मोबाइलवर मला उघडत आणि पी दाबत. "अहो..." बाई हसत. कात्री पडे. मग गळ्यात टेप अडकवून काका कामाला लागत. के त्यांनी कधीच दाबला नाही.

माझी देखभाल शाळेतल्या नव्या सरांकडे आली होती. सर भले माणूस. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर आले, ते त्यांना दिसे. कोण देते, ते दिसत नसे. सुटीच्या दिवसांत खपून त्यांनी मला नवी केली. चित्रे घातली, यंत्राचा गोड आवाज बसवला. आता चुकीचे अक्षर दाबले की ते विरून जाते, बरोबरचे तेवढे उरते.

दुसऱ्या दिवशी काकांनी पी दाबला. पी विरला. के चमकला आणि यंत्र म्हणाले, "शाब्बास!"

काकांनी पुन्हा दाबून पाहिले. मग सरांना फोन लावला.

"सर, ते पोटॅशियमचं जरा..."

"पाहिलंत का काका? अहो, एक मूल रोज तिथेच अडायचं. रोज पी! बाईंचा आवाज ऐकून बिचारं आणखी गोंधळत असेल. खास त्याच्यासाठी सोपं केलं."

काकांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"बरं झालं. येईल आता त्याला," ते म्हणाले. "सर, तो जुना आवाज ठेवलाय का कुठे?"

"नाही हो, पुसला सगळा. मूळ रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच ना?"

"हो, असेल की."

बाईंचा संगणक बंद पडल्यावर काकांनीच तो भंगारात दिला होता. आवाज माझ्याकडे सुखरूप आहे, अशी त्यांची खात्री होती.

मित्रांनो, माझे जुने रूप आता परत येणे नाही. तुम्हाला एवढेच सांगते. कुणी रोज एकच चूक करत असेल, तर ती सुधारण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोला.

काका अजूनही रोज येतात. पी दाबतात, मोबाइल कानाशी धरतात आणि थांबतात. मी त्यांना शाब्बास म्हणते.