फुंकरबाबांचा गुलाबी ग्लास

तळ्याकाठी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चामड्याचा कारखाना बंद पडून वर्षं लोटली, पण त्यानं सोडलेली घाण तळ्याच्या गाळात तशीच बसून होती. ती उपसायला यंत्रं आली आणि फाटकाबाहेरच अडली, कारण आत फुंकरबाबा अवतरले होते. मांडव घातला होता कारखान्याच्या मालकानं. गाळ उपसायचा खर्च त्याच्याच बोकांडी बसणार होता, तेव्हा त्याची भक्ती उतू जाणं साहजिकच होतं.

बाबांनी ग्लासात तळ्याचं पाणी घेतलं आणि त्यात ‘सत्याचे थेंब’ टाकले. पाणी गुलाबी झालं.

“बघा विष! बघा पाप!” बाबा गरजले. “डॉक्टर थकले, यंत्रं थकली, आता माझी फुंकर!”

मग डोळे मिटून, मनातल्या मनात मंत्र म्हणत, ते नळीतून पाण्यात फुंकू लागले. रंग फिका होत होत गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आज अख्खं तळं फुंकतो. उद्या बिनधास्त आंघोळ करा!”

पहिल्या रांगेत सून आणि नातीसह बसलेल्या एका सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं. तळ्याकाठच्या चिखलात खेळून पोरीच्या हातांवर पुरळ उठलं होतं. “उद्या पहिली डुबकी हिची,” त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या सुनेनं पिशवी घट्ट धरली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण घरात तिचं विज्ञान उंबऱ्याबाहेर. सासूबाईंना समजावून समजावून घसा बसला होता. आज ती त्या पिशवीत एक बाटली घेऊनच आली होती.

“बाबा, आमच्या घरचं पिण्याचं पाणी तपासता का?”

थेंब पडले. पाणी गडद गुलाबी झालं.

“अरेरे! तुमच्या घरात तर तळ्याहून जास्त पाप!”

सासूबाई ताडकन उठल्या. “काय म्हणालात? माझ्या हंड्यात पाप? रोज घासते, गाळते, उकळते मी!”

“मग आई, तुम्हीच फुंका की,” सून साळसूदपणे म्हणाली.

“त्याला बारा वर्षांची साधना लागते!” बाबा ओरडले, तोवर सासूबाईंनी नळी हिसकावली होती. गाल फुगवून त्या फुंकत राहिल्या. रंग उडाला.

“आई, मनात कोणता मंत्र म्हटलात?”

“मंत्र कसला डोंबलाचा! तुझा उद्धार करत होते, घरची अब्रू चव्हाट्यावर आणलीस म्हणून!”

मांडवभर हशा पिकला. सून उभी राहिली.

“हे थेंब शाळेच्या प्रयोगशाळेतही असतात. चुन्याच्या पाण्यात ते गुलाबी होतात. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याचा जोर मोडतो आणि रंग जातो. आपल्या बाटलीत चुन्याची निवळी मी टाकली होती, आई. ग्लासात कुणी टाकली, ते बाबांना विचारा. चामडं कमावताना वापरलेलं, गाळात बसलेलं क्रोमियम या थेंबांना दिसतही नाही. ते फुंकरीनं जात नाही. पोरीच्या हातांना त्यानंच खाल्लंय, डॉक्टर हेच सांगत होते.”

सासूबाईंनी नातीचे हात उलटसुलट करून पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या वळल्या, पण बाबा मांडवाच्या मागच्या बाजूनं पसार झाले होते.

“फुंकरीनं चहा गार होतो,” त्या गर्दीला म्हणाल्या. “तळ्याचा गाळ उपसावाच लागतो. उघडा ते फाटक!”

चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. असू दे. फक्त हात जोडण्याआधी तीच करामत एकदा स्वतः करून बघा. सासूबाईंना जमली, तुम्हालाही जमेल.