आधी गीत, मग फॉर्म

या, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन सांगावी अशी गोष्ट आहे, सामोआ बेटावरच्या आपियात कापड छापणाऱ्या मोएलांगीची.

आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की सगळं कुटुंब एकाच छापाचं कापड नेसून माती द्यायला उभं राहतं. ते कापड मोएलांगीकडचं. दुकानात आलेल्याला ती आधी माप कधी विचारायची नाही. चटईवर बसवायची, हात हातात घ्यायची, एक गीत म्हणायची. त्याचं रडून झालं की मग कापड.

लेकीनं, सिनालेईनं, दुकान इंटरनेटवर नेलं आणि मायलेकींची जुंपली ती घाऊक मागणीच्या फॉर्मवरून. तो ठेवायचा कुठे?

"पहिल्याच पानावर, सगळ्यात वर. शोधायला लागलं तर लोक दुसरीकडे जातील," सिनालेई म्हणाली.

"उंबऱ्यावरच माप विचारायचं? तिथे फोन नंबर टाक. आधी माणसाचा आवाज ऐकू दे."

"आई, तू फोनवर गात सुटतेस! ब्रिस्बेनच्या माणसानं कापड मागवायचं की तुझं गाणं ऐकायचं?"

"एलेनोआ ऐकते की!"

"मावशी कुठली ऐकतेय? ती तुझ्याहून मोठ्यानं गाते."

दोघी हसल्या. फॉर्म वरच राहिला.

एलेनोआ म्हणजे मोएलांगीची धाकटी बहीण, ब्रिस्बेनला लेकाकडे राहायची. किडन्या थकल्या होत्या, तरी दर रविवारी जेवणं आटोपली की तिचा फोन यायचाच. मोएलांगीनं वरचा सूर धरायचा, एलेनोआनं खालचा. दुकानातला नीरफणसाच्या पानाचा छाप तिनंच लहानपणी लाकडात कोरलेला. पानाची एक शीर वाकडी गेली होती.

त्या रविवारी फोन आला नाही. "औषधानं डोळा लागला असेल," मोएलांगी म्हणाली.

सोमवारी सिनालेईनं मागण्या उघडल्या आणि ती तिथेच थिजली.

"काय गं? मोठी मागणी आहे?"

पोरीनं पडदा आईकडे वळवला. मोएलांगीनं चष्मा लावला. सगळ्या कुटुंबासाठी पांढरं कापड, नीरफणसाचं पान. पत्ता भाच्याचा, एलेनोआच्या लेकाचा. खाली लिहिलेलं: अंत्यविधीसाठी, लवकर पाठवा.

मोएलांगीमावशीला आपल्या बायकोनं कळवलं असेल, असं भाच्याला वाटलं. बायकोला वाटलं, चर्चच्या पाळकांनी कळवलं असेल. फॉर्म मात्र समोरच होता. तो भरला गेला.

"आई, मी तो वर ठेवला नसता तर…"

"तर त्यानं फोन केला असता, पोरी. मला कळलं असतं, आणि तोही रडला असता. बिचारा कोरड्या डोळ्यांनी मापं भरत बसला."

तिनं भाच्याला फोन लावला. आणि थेट गीतच धरलं. पलीकडे तो दणकट माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. खालचा सूर रिकामाच होता. कधी न गाणारी सिनालेई आईशेजारी चटईवर बसली, तो सूर धरू लागली. तिला काही तो सापडला नाही. तरी ती गात राहिली.

मग दोघींनी कापड छापलं. वाकडी शीर होती तशीच उमटली.

आता त्या दुकानाच्या पहिल्या पानावर फोन नंबर आहे. घाऊक मागणीचा फॉर्म पार शेवटी, पांढऱ्या कापडाच्याही खाली. रविवारी जेवणानंतर मोएलांगी एकटीच वरचा सूर धरते आणि मधेच थांबते.

तुम्ही कधी भजनाला बसलात आणि मागून कुणी हळूच खालचा सूर धरला, तर माझ्यासाठी एवढं करा: एलेनोआची आठवण काढा.