दुर्गाबाईचा रुपया

सकाळी साडेनऊला, कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात, दुर्गाबाई महेमूद कल्हईवाल्याच्या भट्टीपुढे उभी राहिली आणि तिने आपला रुपया परत मागितला. साल १९३४, मार्गशीर्ष महिना. तिला आठवा महिना लागला होता.

रुपया महेमूदकडे नव्हता. तो त्याने नऊ दिवसांपूर्वी विकला होता.

महेमूद जालन्याचा. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करत तो बाजार फिरायचा. जुन्या नाण्यांचा धंदा त्याने पावसाळा सरल्यावर सुरू केला होता. जुन्या जालन्यात राहणाऱ्या एका निवृत्त मुन्सिफांना अशा नाण्यांचा शौक होता. खेड्यांत काही मिळालं तर आण, असं त्यांनी सांगितलं होतं. पहिलं नाणं ओतीव, खोटं निघालं. दुसऱ्याला गळ्यात घालायची कडी डाक देऊन जोडलेली होती म्हणून त्यांनी परत केलं. "अक्षर वाचता आलं पाहिजे," ते म्हणाले, "कडी नको, ओरखडा नको. ओरखडा आला की भाव गेला." महेमूदने तेवढं पाठ केलं.

तिसरं नाणं दुर्गाबाईचा नवरा पुंजाराम घेऊन आला. चांदीचा मोगली रुपया. वर कडी, एका बाजूला ठळक फारसी अक्षरं, दुसऱ्या बाजूला अक्षरांवरून ओढलेल्या काही रेघा. महेमूदने तीन रुपये दिले. कडी भट्टीवर तापवून सोडवली. रेघा विटकरीच्या भुकटीने घासून काढल्या. हात त्याच कामात मुरलेला. एकही रेघ उरली नाही. मुन्सिफांनी ती बाजू उन्हात धरून पाहिली, तिच्यापायी एक रुपया कापला आणि नऊ रुपये दिले.

"माझी सवत द्या, महेमूदभाई," दुर्गाबाई म्हणाली.

भांडी घेऊन बसलेल्या बायका हसल्या. "अगं, लोकं सवत घालवायला नवस करून राह्यले, आन तू मागून घेती व्हय!" त्यांच्यातली पुष्पाबाई म्हणाली.

दुर्गाबाई हसली नाही. 

ती पुंजारामची दुसरी बायको. पहिली, तुळजाबाई, बाळंतपणात गेली होती. दुसरीने पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालावा, त्याला सवतच म्हणावं, सणाला आधी तिला निवद दाखवावा, ही रीत. पुंजारामच्या घरी दोन वर्षं ती कोणी पाळली नाही. त्या दोन वर्षांत दुर्गाबाईची दोन पोटं गेली. मग सासूने पेटीतला जुना रुपया काढला, सोनाराकडून त्यावर तुळजाबाईची पावलं कोरून घेतली आणि सुनेच्या गळ्यात बांधला. हे तिसरं पोट टिकलं होतं. दोरा कुजला म्हणून तिने रुपया भिंतीतल्या देवळीत काढून ठेवला, तेवढ्यात पुंजारामने तो उचलला.

दुर्गाबाईच्या तोंडून पावलं, हा शब्द ऐकून महेमूदने भट्टीचा भाता सोडला. त्या रेघा घासल्याचं मात्र तो बोलला नाही. "आणतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने परतूर, तिथून रेल्वेने जालना. दुपारी तीनला तो मुन्सिफांच्या ओसरीवर नऊ रुपये पुढे ठेवून उभा होता.

"परवाच हैदराबादला गेलं," मुन्सिफ म्हणाले. "एका दोस्ताला हवं होतं. रजिस्टर पोस्टाने पाठवलं." मग त्यांनी पेटीतून दुसरा रुपया काढला. "त्याच टांकसाळीचा, बिलकुल तसाच. हा दे. बाईला काय कळतंय?"

महेमूदने तो घेतला. पण दोस्ताला पत्र लिहा, असंही विनवलं. मुन्सिफांनी नऊ रुपयांत तो परत मागणारं पत्र त्याच्यासमोर लिहिलं आणि रजिस्टरने पाठवलं.

पुढच्या बाजारी दुर्गाबाई आली, मागे पुंजाराम. तिने रुपया एकदा उलटा केला, एकदा सुलटा.

"ही ती न्हाई."

"त्याच बादशहाचा हाय, बाई. वजन बराबर तेवढंच."

"पावलं कुठं हायेत?"

महेमूदने सांडशीतलं पातेलं खाली ठेवलं. "मी घासली," तो म्हणाला. "मला वरखडे वाटले. तुमचा रुपया आला तरी त्याच्यावर ती नसतील."

"मंग कोर की पुन्हा," पुंजाराम म्हणाला. "सोनारानंच कोरल्ती, देवानं न्हाई."

"तू गप ऱ्हाय, इकणाऱ्या!" दुर्गाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग महेमूदला, हळू आवाजात, "तिला जोडवी घालणाऱ्या सोनारानं कोरल्ती, भाई. त्याला तिचे पाय ठाऊक व्हते. तो बी गेला औंदा. तुमाला काय ठाऊक तिचे पाय?"

 तिने मुन्सिफांचा रुपया भट्टीच्या कडेला ठेवला.

"तरी तोच आणा," ती म्हणाली. "घासलेला असला तरी. इतके दिस तिच्या नावानं गळ्यात व्हता."

त्यानंतरच्या सोमवारी दुर्गाबाई बाळंतपणासाठी माहेरी, शहागडला गेली. गळ्यात नुसता नवा काळा दोरा होता. मुन्सिफांचं पत्र हैदराबादला पोचलं. दोस्ताच्या सहीची पोचपावती पौष वद्य तृतीयेला जालन्याला आली. उत्तर आलं नाही. महेमूदने स्वतःच्या खर्चाने दुसरं पत्र लिहवून घेतलं आणि त्यात नऊऐवजी पंधरा रुपये देईन म्हणून कळवलं. ते बुधवारी टपालात पडलं. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत हैदराबादहून काही आलेलं नव्हतं, आणि शहागडहून बाळंतपणाची खबरही नाही.