पाण्यात हात ठेववेल इतकंच

गाय पहाटे गेली, वासरू मागे ठेवून. थोरल्या जाऊबाईंचा तिच्यावर फार जीव. त्यांनी फ्रीजरमधून चिकाची एक बाटली काढून धाकटीच्या हातात दिली, पोरं सारखी उघडतात म्हणून फ्रीजरला पुन्हा कुलूप लावलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. जाता जाता एवढंच बजावलं, "कोमट पाण्यात वितळव. पाण्यात हात ठेववेल इतकंच गरम."

पण वासरू थरथरत होतं आणि धाकटीला धीर धरवेना. तिने बाटली सरळ शेगडीवरच्या उकळत्या पाण्यात सोडली. चीक घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या झाल्या. त्या फडक्याने गाळून उरलेलं पातळ पाणी तिने वासराला पाजलं. ते पोटभर पिऊन झोपलं.

मग तिला गुरांच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. नव्या वासराच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद नसते, ती चिकातून येते. चीक उकळला की ती मरते. शिवाय आतड्यातून रक्तात जायची वाट तासातासाने मिटत जाते आणि दिवसभरात बंद होते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो नुसता पोटात जातो.

वासरू सहाला जन्मलं होतं. गोठ्यातल्या घड्याळात अकरा वाजले होते.

दुसरी बाटली होती, पण किल्ली जाऊबाईंच्या कमरेला. गेल्या वर्षीचं वासरू हगवणीने मेलं, तेव्हा गोठा ओला ठेवल्याचं खापर धाकटीच्याच डोक्यावर फुटलं होतं. त्यानंतर आज पहिल्यांदा तिच्यावर वासरू सोपवलं, तर तिने हा उजेड पाडला!

गप्प बसलं तर? जगेलही कदाचित. तिने हात पुढे केला, तर वासरू डोळे मिटूनच तिची बोटं चोखायला लागलं. ती तशीच बसून राहिली. घड्याळात बारा वाजले, तेव्हा ती धावत जाऊन दारावर थापा मारू लागली.

"ताई, मी चीक उकळला!"

दार उघडलं. धाकटी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिली. एकही आली नाही. जाऊबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि फ्रीजरमधून दुसरी बाटली घेतली.

"किती वाजले?"

"बारा."

"सहा तास झाले. थोडी वाट असेल अजून."

बादलीत कोमट पाणी ओतून जाऊबाईंनी बाटली बुडवली आणि हातही पाण्यातच ठेवला. वर न बघता म्हणाल्या, "गेल्या वर्षी माझ्या हातून असाच उकळला होता. दुसरा पाजायला वेळ होता तेव्हा. मी बोलले नाही कुणाला."

धाकटीला समोरची बादली दिसेनाशी झाली. वर्षभर ऐकून घेतलेलं सगळं आठवलं. तिने पाण्यात हात घातला. बाटलीत अजून बर्फ होता.

"पाणी गार झालंय, ताई," ती म्हणाली. "गरम ओता. बेताने."