वेताची वीण आणि वरचा सूर

मी एक जुनी, वेताने विणलेली खुर्ची आहे. मित्रांनो, तोंडाने माणूस काहीही बोलो, बसताना त्याला लबाडी जमत नाही. म्हणून बसणाऱ्याचे मन मला आधी कळते.

सुताराने माझा सांगाडा केला, त्याच्या बहिणीने बैठक विणली आणि मी एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत गेले. काय माझा थाट! नवी जोडपी, बक्षीस मिळवलेली पोरे, रुसलेल्या आज्या, सगळे माझ्यावर बसून गेले. फोटोग्राफर ओरडायचा, "हलू नका! श्वास रोखा!" पुढे लोक आपले फोटो आपणच काढू लागले. स्टुडिओला कुलूप लागले, माझ्या बैठकीला झोळ पडला आणि मी अडगळीत धूळ खात बसले.

फोटोग्राफरच्या मुलीने मला बाहेर काढले. ती फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामाने दुखणी हलकी करणारी डॉक्टर. तिने मला उलटे केले, वेताला खालून कोमट पाणी लावले आणि सावलीत वाळवले. वाळता वाळता वेत आकसला आणि झोळ बराचसा गेला!

मग मला तिच्या उपचाराच्या खोलीत जागा मिळाली. तिथे बायकाच येत. दार लावल्यावरही हळू बोलत. इतके कुजबुजण्यासारखे असते तरी काय? मला कान नाहीत, तरी मी ते टवकारून असे.

एकदा शाळेत गाणे शिकवणाऱ्या बाई आल्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंक आली, खळखळून हसल्या किंवा वरचा सूर लावला, की त्यांना लघवीचे थेंब गळत. शाळेच्या कार्यक्रमात त्यांना मुलांबरोबर गायचे होते.

"मुख्याध्यापिकांना 'मी गाणार नाही' असं सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणतात, बायकांचं हे चालायचंच. पण गाणं सुटलं तर माझ्याकडे उरतं काय हो?" त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरने त्यांना उठवून मला उलटे केले. "बघा, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची अशीच वीण असते. बाळंतपणात ती सैल पडते, पण तिलाही व्यायाम देता येतो. वारा सरू नये म्हणून आवळतो ना, तसं आवळा, आत वर उचला. मग पूर्ण सैल सोडा."

बाई माझ्यावर बसून आवळू लागल्या. खांदे वर, गाल फुगलेले आणि सगळा जोर खाली! माझा वेत करकरला.

"श्वास कुठे गेला?" डॉक्टरने विचारले.

"धरलाय. आम्हा गाणाऱ्यांना आधी तेच शिकवतात."

"इथे नाही धरायचा. धरलात की जोर खाली जातो."

पुन्हा प्रयत्न, पुन्हा करकर. अंगवळणी पडलेले थोडेच सुटते! बाई रडकुंडीला आल्या. तेव्हा डॉक्टर हसून म्हणाली, "बरं, मग गा."

"इथे?"

"गाताना श्वास रोखाल कसा?"

बाईंनी खालचा सूर लावला आणि तो चालू असतानाच हलकेच आवळले. मी करकरण्याची वाट पाहत होते. झालेच नाही! उलट माझ्यावरचा भार तसूभर हलका वाटला.

"अगं बाई! मी तर इतके दिवस उगाच खाली ढकलत होते," त्या म्हणाल्या.

मग कित्येक आठवडे भाजी चिरताना, वह्या तपासताना त्यांचे गुणगुणणे आणि आवळणे चालू राहिले. मध्येच कंटाळल्या, डॉक्टरची बोलणी खाल्ली, पुन्हा लागल्या. शेवटी एकदा माझ्यावर बसून त्यांनी वरचा सूर लावला. सूर खणखणीत! पण माझ्या पाठीवरची धूळ त्यांच्या नाकात गेली आणि जोरात शिंक आली.

"कोरडी आहे!" बाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की मी डुगडुगले. हसूनही कोरड्याच. तिथूनच त्यांनी मुख्याध्यापिकांना फोन केला, "मी गाणार आहे. मुलांच्या मागे नाही, पुढे उभी राहून."

मित्रांनो, कोणीतरी मला उलटे करून पाहिले म्हणून माझा झोळ गेला. तुमच्या घरात आई, ताई किंवा मावशी शिंकेआधी पाय जुळवत असेल, तर तिला 'चालायचंच' म्हणू नका. शेजारी बसा आणि एवढेच विचारा, "तू शेवटची खळखळून कधी हसलीस?"